चकव्याला पिल्लं

"तुले दिसला तर दिसला, पण कसा होता ते तोंडातून काढू नको," आत्या ओरडत होती. "जो त्याचं रूप सांगते, त्याच्याच मागं लागते तो."

"मंग काय पोटात ठेवू? रातभर एकाच वावराभोवती फिरवलं मले त्यानं!"

"ठेव पोटात. देवानं पोट कशाले देल्लं?"

सुशीला तेव्हा नऊ वर्षांची, चुलीमागे लाकडं रचत होती. आत्यानं कानांवर हात ठेवले, बापानं तरी चकव्याचं रूप सांगितलंच. सुशीलेचे कान उघडे होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बाप शेतातून परतला नाही. तिसऱ्या दिवशी नाल्यात मेलेला सापडला, घरापासून हाकेच्या अंतरावर.

पुढे सुशीलेची सुशीलाबाई झाली. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीपायी वणीहून पुण्याला आली. नवरा गेल्यावर सदाशिव पेठेत दोन खोल्यांत डबे करून तिनं मुलीला, नम्रताला, वाढवलं. तीस वर्षांत बोली पुण्याची झाली, भीती मात्र वणीचीच राहिली. ते रूप तिनं कुणाला सांगितलं नाही.

नम्रता कॉम्प्युटरचं शिकली आणि येरवड्याकडे एका कंपनीत चिकटली. काम काय, तर कॉम्प्युटरवरच्या खेळातल्या एका नसलेल्या देशाची नसलेली जनावरं काढायची. जनावरं खोटी, पगार खरा. पण तिची तीन जनावरं साहेबांनी परत पाठवली. "असली कुठंही दिसतात. सोमवारपर्यंत चौथं आण, नाहीतर दुसरीकडे बघ." पोरगी दोन दिवस जेवली नाही.

रविवारी सुशीलाबाई पोळ्या लाटत होत्या. पाठ न वळवता म्हणाल्या, "वासराएवढं असतं. वाळल्या गवताच्या रंगाचं. त्याला मान वळवता येत नाही, म्हणून ते सगळंच्या सगळं फिरतं. आणि त्याच्याबरोबर वाटही फिरते."

नम्रता वही घेऊन ओट्याशी आली. "कसलं भारी आहे, आई! खातं काय?"

"माणसाची वाट."

"तसं नाही गं. जनावर म्हणून सांग. गवत की मांस? पाणी कुठं पितं? पिल्लं किती होतात?"

लाटणं थांबलं. "अगं, तो एक आवरेना आणि तू त्याला पिल्लं देतेस?"

"जंगलात एकटं कसं राहील? कळप लागतो."

"मग बाळंतपणंही तूच कर."

नम्रता हसली. सुशीलाबाईंची पोळी मात्र तव्यावर करपली.

साहेबांना जनावर आवडलं, नोकरी पक्की झाली. पेढे आले. सुशीलाबाईंनी पेढा देवापुढे ठेवला, तोंडात घातला नाही.

रूप सांगितल्याच्या नवव्या दिवशी, भर दुपारी, त्या रंगनाथरावांचा डबा घेऊन निघाल्या. रिटायर कारकून, एकटा जीव, चार बोळांपलीकडे. औषधाच्या दुकानावरून डावीकडे वळल्या, तर पुढे तेच दुकान. पुन्हा वळल्या. पुन्हा तेच. स्कूटर जात होत्या, माणसं होती, ऊन लख्ख होतं, आणि कुठली दिशा कुठली ते कळेना. गावाकडे सांगायचे, चकवा लागला की चालायचं नाही, बसायचं. त्या दुकानाच्या पायरीवर बसल्या.

"काकू, औषध हवंय की पायरी?"

"वाट हवीय."

"ती आम्ही ठेवत नाही," दुकानदार म्हणाला. मग त्यानं त्यांचा चेहरा पाहिला आणि काउंटर सोडून बाहेर आला. "कुणाकडे जायचंय? रंगनाथराव? अहो, हे काय समोर दार!"

मग ते चार-आठ दिवसांनी होऊ लागलं. वयानं होतं असं कुणी म्हणालं असतं. म्हणूनच त्यांनी कुणाला विचारलं नाही. आणि नम्रताला सांगितलं तर ती जनावर खेळातून काढून टाकील आणि नोकरी जाईल.

एकदा भीत भीत त्यांनी विचारलं, "किती झाली गं पिल्लं?"

"चाळीस! स्क्रीनवर मावत नाहीत." मग आईकडे बघून, "तू थरथरतेस का? डबे बंद कर आता. मी कमावतेय ना? घरात बस."

"घरात नको," सुशीलाबाई पटकन म्हणाल्या. घरात बसलं तर ते त्यांना शोधत घरात येणार, आणि घरात पोरगी झोपते. बाहेर पडलं की निदान आपल्या मागे तरी येतं. हे काही त्यांनी बोलून दाखवलं नाही. "बसून गुडघे धरतात माझे."

सुशीलाबाई मार्गशीर्षात गेल्या, पहाटे, झोपेतच. आदल्या दुपारी त्या डबा घेऊन निघाल्या होत्या. एक हात भिंतींवरून फिरवत, मागे न बघता चारही बोळ पार केले आणि रंगनाथरावांची कडी वाजवली.

"काल आमटीत मीठ कमी होतं," रंगनाथराव म्हणाले.

"आज जास्त आहे. दोन्ही मिळून बरोबर होईल."

"आणि उशीर?"

"तो रोजचाच."

त्यांनी कालचा रिकामा डबा घेतला, झाकण घट्ट आहे का ते पाहिलं, पदर खोचला आणि रस्त्याला लागल्या.