भावजींच्या कादंबऱ्या आणि रेशनचा तांदूळ

माझ्या धाकट्या दिरांइतकं खोटं उभ्या नाशिक जिल्ह्यात कुणी रचलं नसेल, आणि त्यातलं एकही त्यांनी स्वतःच्या फायद्यासाठी रचलं नाही. ते गोष्टी लिहीत. दिवसा नाशिक रोड स्टेशनात पार्सल कचेरीतले कारकून आणि घरी आले की लेखक. दोन खोल्या आणि पुढे ओटा एवढ्या घरात आम्ही पंचवीस वर्षं एकत्र काढली. मी चौथी पास. तेव्हा त्यांच्या लिखाणाबद्दल मी काही विद्वत्तेचं सांगेन अशी आशा कुणी धरू नये. पण त्यांची प्रत्येक गोष्ट छापून यायच्या आधी मी ऐकलेली आहे, आणि असं म्हणू शकणारं दुसरं माणूस आता उरलेलं नाही.

त्यांच्या एका गोष्टीत वणीच्या गडावर चढणारा माणूस दर दहा पायऱ्यांना वर्षाने म्हातारा होई आणि उतरताना तितकाच तरुण. वर एक दागिना चोरीला जातो. चोराच्या मागावर आडवाटेने वर आलेला फौजदार घाईघाईत पायऱ्यांनी खाली उतरतो तो सात वर्षांचा होतो आणि पायथ्याशी आईसाठी रडत बसतो. दुसऱ्या एका गोष्टीत नामपूरच्या कांद्याच्या चाळीत परग्रहावरची माणसं उतरतात, आणि व्यापारी त्यांनाही ‘माल ओला आहे’ म्हणून परत पाठवतात. भूत असे, यंत्र असे, खून असे, आणि मधेच कुणाचं तरी ठरलेलं लग्न मोडे. ही पुस्तकं स्वस्तातली, हातात मावतील एवढी, पातळ कव्हराची. आमच्या जवळच्या वाचनालयाचे मालक त्यांना पाहिलं की हात जोडत. “साहेब, तुमचं पुस्तक मी रहस्यकथांत ठेवलं, भुतांत ठेवलं, विज्ञानात ठेवलं. जिथे ठेवतो तिथला गिऱ्हाईक परत आणून आपटतो. हे आहे तरी काय?” भावजी शांतपणे म्हणत, “दाराजवळ ठेवा. ज्याला न्यायचं तो नेईल.” मालक म्हणत, “दाराजवळून चोर नेतात.” भावजी म्हणत, “नेऊ द्या की. चोराने वाचलेलं मला चालेल.”

गोष्ट डोक्यात असली की ते भेटेल त्याला प्रश्न विचारत. भाजीवाल्या मावशींना एकदा विचारलं, “उद्या पृथ्वीची ओढ निम्मी झाली आणि तुमचा किलोभर घेवडा अर्धा किलोच भरला, तर काय कराल?” मावशी म्हणाल्या, “भाव दुप्पट करीन, दुसरं काय? तुम्हाला घेवडा पाहिजे का नाय?” भावजी इतके खूश झाले की तीन किलो घेवडा घेऊन आले. आठवडाभर आम्ही तेच खाल्लं. लिहायला कागद म्हणजे कचेरीतले बाद झालेले फॉर्म. एका बाजूला ‘आंबा, पेटी एक’ आणि पाठीमागे मुडदा. आमचे हे वैतागून म्हणायचे, “अरे, एवढे खून पाडतोस, त्यापेक्षा एक लग्न कर.” त्यावर भावजी पुढचा फॉर्म उलटा करून लिहायला घेत.

लग्न त्यांचं झालेलं होतं. माझी जाऊ नामपूरकडची, गोरी, किडकिडीत, बोलायला अहिराणी. तिसऱ्या वर्षी तिला कावीळ झाली. मी तिचं सगळं केलं. वैद्यांनी कडक पथ्य सांगितलं होतं, तेल नाही, तिखट नाही, आंबट नाही. शेवटच्या आठवड्यात ती एकच मागत होती. “माले लोणचानी एक फोड दे वं, बाई.” मी दिली नाही. बरणी उचलून वरच्या फळीवर ठेवली. ती पाचव्या दिवशी गेली. पथ्य पाळलं होतं, माझी चूक काही नाही, असं सगळ्यांनी मला सांगितलं. मीही तेच धरून चालले. त्यानंतर भावजी लिहायला लागले, पण त्यांच्या कुठल्याच गोष्टीत मेलेली बायको आली नाही. भुतं सगळी परकी.

रविवारी सकाळी ते मला वाचून दाखवत. मी समोर ताट घेऊन तांदूळ निवडत बसे. रेशनचा तांदूळ, त्यात खडे बेसुमार. मी कधी ‘छान’ म्हटलं नाही, कारण मला तसं म्हणता येत नाही. म्हणून त्यांनी आपली रीत काढली होती. वाचताना ते माझ्या हातांकडे बघत. हात थांबले की प्रकरण उतरलं, चालू राहिले की फाडायचं. ओळखीच्या लेखकांना ते अभिमानाने सांगत, “माझ्या वहिनी पास करतात, मग छापखान्यात जातं.” लोकांना ती थट्टा वाटे. पण मी पाहिलंय, माझे हात चालू राहिले म्हणून त्यांनी चाळीस-चाळीस पानं बंबात घातली. वाद घातला नाही. त्या पाण्याने आंघोळ केली आणि परत लिहायला बसले.

रंगीत टीव्ही आले त्या सुमाराला पुण्याच्या एका प्रकाशकाने त्यांच्याकडे मोठी कादंबरी मागितली. पुठ्ठ्याच्या बांधणीची, पहिलीच. भावजी दोन वर्षं ती लिहीत होते. पार्सल कचेरीतल्या वजनकाट्यात काही बिघाड होतो आणि गेलेलं माणूस त्यावर परत येतं, पण फक्त एका जेवणापुरतं, अशी ती गोष्ट. सगळी प्रकरणं झाली, शेवटचं राहिलं. त्या रविवारी ते आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसले. म्हणाले, “वहिनी, हे उतरलं तर कादंबरी उद्या पाठवतो. नाही उतरलं तर सगळीच बंबात. हे नसेल तर बाकीच्याला अर्थ नाही.”

त्यांनी वाचायला सुरुवात केली. काट्यावरून एक बाई उतरते. किडकिडीत, गोरी. नवरा तिला घरी आणतो, पण ती त्याच्याजवळ बसत नाही. सरळ स्वयंपाकघरात जाऊन जावेच्या पानाशेजारी बसते आणि म्हणते, “माले एक फोड दे वं, बाई.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. बाहेरच्या खोलीतून त्यांनी ते ऐकलेलं होतं आणि इतकी वर्षं मला एका शब्दाने विचारलं नव्हतं. मी मान वर केली नाही. हात थांबवले असते तर मी रडले असते, आणि मी कुणासमोर रडत नाही. म्हणून मी हात चालवत राहिले, नेहमीपेक्षा जोरात. पुढे त्यांनी काय वाचलं ते माझ्या कानापर्यंत आलंच नाही. आवाज थांबला तेव्हा कळलं, संपलं. ते माझ्या हातांकडे बघत होते. हात चालूच होते.

“नाही उतरलं,” ते म्हणाले. फॉर्मांचा गठ्ठा उचलून त्यांनी बंबाशेजारी नेऊन ठेवला. मी तोंड उघडायला हवं होतं. मी उठले आणि भात लावला.

दुपारी दोघे भाऊ जेवायला बसले. पहिल्याच घासाला यांच्या दाताखाली कचकन वाजलं. “अगं, तांदूळ निवडलास की नाही?”

“निवडला.”

“डोळे कुठे होते तुझे?”

भावजींनाही खडा लागला. मग दुसरा. ते भात चिवडायला लागले आणि मिळतील ते खडे ताटाच्या कडेला ठेवायला लागले. हे म्हणाले, “राहू दे रे, फेकून दे तो भात.” भावजींचं लक्ष नव्हतं. अकरा खडे झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“वहिनी, इतक्या वर्षांत तुमच्या भातात मला खडा लागला नाही.”

“आज लागला.”

“तुम्ही नुसतेच हात फिरवत होतात.”

“जेवा आता. गार होतंय.”

“उतरलं होतं?”

मी आमटी वाढली. त्यांच्या वाटीत, मग यांच्या, मग परत त्यांच्याच वाटीत, ती वाहून ताटात गेली. भावजी हसले नाहीत. तसेच उष्ट्या हाताने उठले, बंबाजवळचा गठ्ठा डाव्या हाताने उचलून ओट्यावर नेला आणि सुतळी शोधायला लागले. हे विचारत राहिले, “याला झालं काय?”

कादंबरी निघाली. फार खपली नाही. भावजी नोकरीत असतानाच गेले, हृदयाने. मधल्या चार वर्षांत मी त्यांना एकदाच म्हटलं होतं, “ते शेवटचं परत वाचा.” ते म्हणाले, “नको वहिनी. आता छापलंय, तुम्हीच वाचा.”

मी अक्षर लावून लावून वाचते. एका पानाला एक दुपार जाते. पूर्ण पावसाळा घालवून मी त्या बाईपर्यंत आले. ती जावेशेजारी बसते, फोड मागते, आणि तिथे पान संपतं. पुढे ती जाऊबाई फोड देते की नाही, आणि जेवण झाल्यावर बाई परत जाते की राहते, हे दोन-तीन पानांतच असणार. लोकांनी वाचलंय, त्यांना माहीत आहे. मी पान उलटलेलं नाही. तोवर ती पानावर बसलेली आहे.