ऑगस्टमधले दोन दिवस

आमच्याकडच्या अनुदानित शाळेत मी अकरा वर्षं गणित शिकवलं. पट घटला, तुकडी तुटली की सेवाज्येष्ठता यादीतला शेवटचा शिक्षक अतिरिक्त ठरायचा. मग त्याचं समायोजन. म्हणजे कुरकुर करत तालुक्यातल्या दुसऱ्या शाळेत जायचं. गाव लांब पडायचं, एसटी चुकायची, पण नोकरी राहायची. हे इतकं अंगवळणी पडलेलं की जगात दुसरं काही असू शकतं असं मला वाटलंच नाही.

२००३ साली शिक्षकांच्या व्हिसावर मी अमेरिकेत आले. राहायला नेपरव्हिल, शाळा शेजारच्या गावात. माझ्यासोबत त्याच दिवशी रुजू झालेली, माझ्याच वयाची एक बाई समोरच्या वर्गात होती. तीही गणिताचीच. बर्फात गाडी कशी चालवायची ते तिनं मला रिकाम्या पार्किंगमध्ये शिकवलं. मुलं माझ्या उच्चारांना हसली की दारात उभी राहून म्हणायची, "तिच्या इंग्लिशला हसताय? आधी तिचं उदाहरण सोडवून दाखवा!"

तिसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये, एका सोमवारी, ऑफिसातल्या आमच्या टपालाच्या कप्प्यांत एक कागद आला. मुलं घटली म्हणून गणिताची एक जागा कमी होणार होती. यादीत शेवटचं नाव तिचं. त्याच्या वर माझं. दुरुस्ती असेल तर आठवड्याभरात कळवा, नसेल तर सही करा.

मला कळेना. दोघी एकाच दिवशी लागलो, मग मी वर कशी? ऑफिसातल्या क्लार्क बाईंना विचारलं. त्यांनी फाइल काढून बघितली. "तुझे ऑगस्टमधले दोन दिवस जास्त आहेत."

ते दोन दिवस तिचे होते. दुसऱ्या वर्षी शाळा सुरू होण्याआधी कच्च्या मुलांच्या वर्गावर तिला बोलावलं होतं. आदल्या संध्याकाळी तिची आई जिन्यावरून पडली. तिनं मला फोन केला, "माझ्याऐवजी जाशील?" मी गेले. एवढंच. दुसऱ्याच्या बदली केलेले दिवस खरं तर सेवेत धरत नाहीत; हे चुकून माझ्या नावावर लागले होते.

जेवणाच्या सुट्टीत तिनं विचारलं, "मी खाली का गं? आडनावावरून लावलंय का?"

मी डबा उघडत म्हटलं, "तसंच असेल."

हे खोटं का बोलले? मनात म्हटलं, हिचं काय, समायोजन होईल. हिचा देश, हिची माणसं. माझी नोकरी गेली तर व्हिसा गेला, नवऱ्याला आणि मुलीला घेऊन परत. त्याच दुपारी सही करून टाकली.

गुरुवारी मीटिंग होती. मी मुद्दाम हात वर करून विचारलं, "कमी झालेल्या शिक्षकाला कुठली शाळा मिळेल?" मला वाटलं, उत्तर ऐकलं की जीव भांड्यात पडेल. प्रिन्सिपल माझ्याकडे बघतच राहिले. "कुठलीच नाही. जूनमध्ये नोकरी संपते."

मला खरंच ऐकू आलं नाही असं वाटलं. मी पुन्हा विचारलं. तेच उत्तर. आणि दोघांची सेवा अगदी सारखी असेल तर? "मग चिठ्ठ्या टाकतो." शिक्षकांच्या चिठ्ठ्या! आमच्याकडे भिशीला टाकतात तशा. वर्ग कुणाचा चांगला, मुलं कुणामुळे शिकली, हे कुणी विचारणारच नव्हतं. ती माझ्या शेजारीच बसली होती. वहीच्या कोपऱ्यात चौकोन काढत होती.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अगं, तू कुठं चोरी केलीस? काम केलंस ना दोन दिवस?"

"तिच्या जागी केलं."

"मग सांग जाऊन. आणि चिठ्ठी तुझी निघाली तर?"

मी उठून मुलीचं दप्तर भरायला घेतलं.

दुरुस्तीला सोमवारपर्यंत मुदत होती. गुरुवारपर्यंत मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकते. आजवर स्वतःला तेच सांगत आले. पण शुक्रवार होता, शनिवार होता, रविवार होता. सोमवारी मी ऑफिसच्या दारापर्यंत गेलेसुद्धा. क्लार्क बाई फोनवर होत्या. मी दोन मिनिटं थांबले, आणि घंटा झाली म्हणून वर्गावर गेले. फोन केव्हातरी संपलाच असता.

जूनमध्ये तिनं वर्ग आवरला. कंपास, कोनमापकं, रंगीत खडूंचे डबे माझ्या टेबलावर आणून ठेवले. "मला आता कुठं लागणार? आईकडे चाललेय, ओहायोला." मग मिठी मारून म्हणाली, "बरं झालं तूच राहिलीस. दुसरी कुणी असती तर फार राग आला असता."

तेव्हाही सांगता आलं असतं. मी म्हटलं, "गाडी जपून चालव."

चिठ्ठी टाकली असती तर कदाचित तिचीच नोकरी गेली असती. पण तिच्या नावाची चिठ्ठी डब्यात पडायला हवी होती. ती मी पडू दिली नाही. खडूंचे डबे अजून माझ्याकडे आहेत, आणि त्यातला एकही खडू मी वापरलेला नाही.