मालतीबाईंची खिडकी

आमच्या कॉलनीच्या रहिवासी मंडळाने एक साधी गोष्ट ठरवली. एकट्या राहणाऱ्या माणसांनी सकाळी उठल्यावर रस्त्याकडची खिडकी उघडायची आणि समोरच्या घराने तिच्यावर लक्ष ठेवायचं. मालतीबाईंची खिडकी माझ्या वाट्याला आली.

काही महिन्यांपूर्वी एकदा चहा गाळताना पाहिलं, तर खिडकी बंद. उशिरा उठल्या असतील, अशी मनाची समजूत घालत मी भाजी चिरायला घेतली, पण हात चालेना. ऊन त्यांच्या खिडकीच्या गजांवर चढत गेलं, तरी ती उघडली नाही. शेवटी मंडळाकडे ठेवलेली त्यांची किल्ली घेऊन मी आणि शेजारचे काका धावलो.

मालतीबाई मोरीपाशी पडल्या होत्या. पाय हलत नव्हता, पण शुद्धीवर होत्या.

"अहो, हाक तरी मारायची!" मी रडवेली होऊन म्हणाले.

"कशाला? खिडकी बंद दिसली की तुम्ही येणारच होतात."

हाड जुळलं, आता त्या बऱ्या आहेत. माझं मन मात्र थाऱ्यावर नाही. मंडळाने दिवे लावले, फाटक बसवलं, त्याचं ओझं कुणाला वाटलं नाही. पण एक माणूस फरशीवर पडूनही आपल्या भरवशावर निर्धास्त राहतं, हे पेलणं जड जातं.

लेकीने चार दिवस राहायला बोलावलंय. "मी बघेन खिडकीकडे," काका म्हणाले.

"रोज बघाल ना? अगदी उठल्या उठल्या?" मी पुन्हा विचारलं, आणि भरलेली बॅग दाराशी तशीच ठेवून खाली बसले.