ओट्यावरची चौथी ओळ

मधुकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी गिरणीत दळणाच्या नंबरात उभा होतो. आवाजात नीट ऐकू येईना म्हणून बाहेर आलो, ऐकलं, आणि मनात आलं ते एवढंच, की चौथी ओळ तशीच राहिली... अशा वेळी माणसाला काहीतरी भारदस्त सुचायला हवं. मला पूर्वीपासूनच वेळेवर काही सुचत नाही.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. मौद्याकडे वीज केंद्रात इंजिनियर होते. निवृत्तीनंतर प्रताप नगरच्या घरी त्यांनी एकच काम हाती घेतलं: तर्कातल्या दोन-तीन साध्या विधानांपासून निघायचं आणि पायरी पायरीने क्वांटम भौतिकशास्त्रापर्यंत, तिथून माणसाच्या जाणिवेपर्यंत पोचायचं. वाटेत उसनं काही घ्यायचं नाही. लोक यासाठी फळा आणतात. काका स्वयंपाकघरातल्या काळ्या कडप्प्याच्या ओट्यावर खडूने लिहायचे. काकूंचा स्वयंपाक सुरू झाला की सगळं पुसलं जायचं आणि पुढच्या खेपेला पुन्हा पहिली ओळ. कागदावर उतरवून ठेवा म्हटलं तर म्हणायचे, "लिहून ठेवलं का माणूस मागचं तपासत नाही गा. पुसलं का तपासाच लागते."

रविवारचा श्रोता मी. अकरावीत विज्ञान सोडून कॉमर्सला पळालो होतो, ही माझी पात्रता. "तुले काही येत नाही, म्हणून तू कामाचा," असं ते कौतुकानं सांगत. मला एकच करायचं होतं. कळलं नाही तिथे 'थांबा' म्हणायचं, भिडेखातर मान हलवायची नाही. मान हलवायला काकू होत्याच. "समजलं, समजलं. आता सरका, वरणाले फोडणी द्याची आहे."

पहिली ओळ: एखादी गोष्ट एकाच वेळी आहे आणि नाही, असं होत नाही. दुसरी: काही असायचं तर ते कशापासून तरी वेगळं असावं लागतं. तिसरी: वेगळेपण म्हणजे एखाद्या प्रश्नाचं हो किंवा नाही. इथून क्वांटमकडे वाट फुटायची. सगळे प्रश्न एकदम विचारता येत नाहीत, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरलेलं असेल असं नाही. इथवर मी धापा टाकत का होईना, पोचायचो. मग चौथी: फरक आहे, म्हणजे तो कोणाला तरी जाणवतो आहे.

"थांबा," मी म्हटलं.

"काहून?"

"कपाट बंद आहे. आत दोन वाट्या आहेत. कोणी बघत नाही, तरी त्या दोनच आहेत ना?"

काकांनी चौथ्या ओळीपुढे खडूने दोन वाट्या काढल्या. "माह्या वाट्या काहून मधात आणता गा," एवढं काकू बोलल्या.

त्या वाट्या पुढे कित्येक वर्षं हलल्या नाहीत. काका दर वेळी नवा युक्तिवाद आणायचे, मी थांबवायचो. ते कधी चिडले नाहीत; उलट माझ्या पोह्यांवर तर्री जास्त पडायची. हापिसात ज्या न कळण्याची मला लाज वाटायची, त्याला या एका घरात मान होता.

शेवटचा भेटलो तेव्हा ते पलंगावर होते. बोटानं हवेत लिहीत चौथ्या ओळीपर्यंत आले आणि थांबले. "आता?"

फार वाटलं, हो म्हणून टाकावं. थकलेला माणूस, एका 'समजलं'नं सुखावला असता...

"थांबा," मी म्हटलं.

ते हसले. "बरं झालं. तू हो म्हटलं असतं, तर मले कळलं असतं का आपलं आता काही खरं नाही."

पाहुणे पांगल्यावर परवा गेलो. ओटा लख्ख होता. काकूंनी मिसळणाच्या डब्याच्या मागून खडू काढून माझ्या हातात दिला. "लिही पहिल्यापासून. आज घाई नाही."

मी लिहिलं. पहिल्या ओळीवर त्यांनी मान हलवली. दुसरी लिहून वळलो.

"थांब," काकू म्हणाल्या. "नाही समजलं."

"काहून?" मी विचारलं.

काकूंनी गॅस बंद केला आणि स्टूल ओढून बसल्या. मी फडकं घेऊन ओटा पुसला आणि पुन्हा पहिली ओळ लिहिली.