गिटारअण्णाची गणेशपट्टी

गिटारअण्णा स्टेजवर चढण्याआधी चपला काढून ठेवायचा. गिटार कमरेखाली सोडून, केस झटकत वाजवणारे मी पुष्कळ पाहिले. हा मात्र पट्टा आखूड करून ती छातीशी धरायचा, तापातलं लेकरू धरावं तशी. रामनगरच्या ऑर्केस्ट्रात मी ढोलकीवर, त्याच्या शेजारी. नवे लोक हसायचे. "माज्याकडं बघू नका, हिच्याकडं बघा," अण्णा म्हणायचा.

तिच्याकडं बघण्यासारखं होतंच. अण्णाचं मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं, तेव्हा लोकांनी घरं मोडून खांब, वासे, दारं लॉरीत घालून रामनगरला आणली. अण्णाच्या घराची गणेशपट्टी, म्हणजे दारावरची गणपती कोरलेली फणसाची जाड फळी, तीही आली. पण नवं घर बेताचं, दार अरुंद. पट्टी माळ्यावर पडून राहिली. पुढं अण्णाची कंपनीची इलेक्ट्रिक गिटार टेम्पोतून पडून फुटली. दांडी आणि तारांचा आवाज पकडणारा पिकअप तेवढे वाचले. ते घेऊन तो पट्टीसकट सुताराकडं गेला आणि म्हणाला, "ह्याची गिटार करून द्या."

सुतारमेस्त्रीनं गणपती पाहिला आणि करवत खाली ठेवली. "देवावर हत्यार चालवनार न्हाई मी."

"देवाला सोडून कापा की. गिटार वाकडी झाली तर होऊ दे."

झाली ती वाकडीच. गणपतीच्या तोंडावरून तारा नकोत म्हणून दांडी एका अंगाला गेली. पायाशी उंदीर होता, त्यालाही धक्का नको म्हणून आवाजाची बटणं मागच्या बाजूला बसली. एक खांदा फुगला, दुसरा उरलाच नाही. आवाज जरा घोगरा, पण खालच्या सुरांना ती असं काही गुणगुणायची की माझा हात ढोलकीवर थांबायचा. आणि दांडीवरचं कंपनीचं नाव अण्णानं स्वतः काचेनं खरवडून काढलं. "नुसती दांडी त्यांची हाय. समदी गिटार त्यांची म्हणून कशी सांगू?" असा हा खुळा प्रामाणिकपणा. त्यानंच त्याचा घात केला.

ऑर्केस्ट्राच्या मालकाला तेच नाव हवं होतं. "अण्णा, लोक वरिजिनल बघायला येतात. ही डुप्लिकेट दिसतीया. नाव रंगवून घे की, लांबनं कुनाला कळतंय?"

"मला कळतंय न्हवं," अण्णा म्हणाला.

त्यात अण्णाचा दुसरा नेम. गणपती बरोबर आहे, तेव्हा दारू-मटणाच्या पंगतीत वाजवायचं नाही. आता आमच्याकडं कार्यक्रम उरलेत कुठले? हळदीचे, नाहीतर रिसॉर्टातल्या पार्ट्यांचे. मालकानं कीबोर्डवाला आणला आणि अण्णाला घरी बसवलं. अण्णा भाताच्या गिरणीत पोती उचलायला लागला.

घरी तरी कौतुक व्हावं! थोरला भाऊ म्हणाला, "देव मोडून बाजा केलास. ही पट्टी न्हाई आता, हिला घरात आनू नको." तेव्हापासून गिटार परसातल्या गोठ्यात. चवथीला घरात आरती सुरू झाली की अण्णा अंगणात उभा राहून साथ करायचा, वायर खिडकीतून ओढलेली. एका चवथीला भावानं आतून खिडकी लावून घेतली. वायर चेपली, गिटार मुकी झाली. अण्णानं तशाच मुक्या तारांवर आरती पुरी केली. मी विचारलं, "कशाला गा अण्णा?" म्हणाला, "मधनंच कसं सोडायचं?" मालकाला ती गिटार खरी नव्हती, भावाला पट्टी खरी नव्हती. दोघांच्या मध्ये हा माणूस वाळत गेला. अण्णा गेला तेव्हा कावीळ निमित्ताला झाली, एवढंच. त्या दोघांचा मला अजून संताप येतो आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

परवा एका लग्नातल्या कार्यक्रमाची बोलणी करायला काळी नदीकाठच्या रिसॉर्टात गेलो होतो. बारच्या काउंटरवर, बाटल्यांच्या रांगेच्या वर, अण्णाची गिटार टांगलेली. तारा काढलेल्या, लाकडाला चकचकीत पॉलिश. खाली पाटी: 'जंगलातल्या लोकांचं शंभर वर्षांपूर्वीचं वाद्य'. मॅनेजरला विचारलं, तर म्हणाला, रामनगरच्या एका घरातून आणली, थोरल्या भावानं दिली.

"खरी हाय?" मी विचारलं.

"म्हणजे काय सर! एकदम ओरिजिनल."

गणपतीच्या सोंडेवर कुणीतरी रंगीत दिव्यांची माळ अडकवली होती. मी चपला काढल्या आणि हात जोडून उभा राहिलो.

मॅनेजर अदबीनं जवळ आला. "असू द्या सर," म्हणाला, "इथं चपला चालतात."