हजेरीपटाबाहेरची विसावी

विसावीइतकी माणसं एका देहात राहिलेली मी दुसरीकडे पाहिली नाहीत. अकरा वर्षांत ती आमच्या शेठची पुण्याची मावशी झाली, भंगारवाली झाली, देवळाची वर्गणी मागणारी झाली. एकदा तर शेठचा गॉगल लावून वाट चुकलेली पर्यटक झाली आणि खुद्द तपासणीच्या साहेबांनाच विचारती झाली, "मालवण किधर है?" साहेबांनी कागदावरची नजर न काढता पेनने दिशा दाखवली. खरं काम मात्र एकच: कट्टा गावाजवळच्या आमच्या कारखान्यात काजू बी फोडणं.

तिच्या नावामागे कायदा होता. वीस माणसं झाली की फंड कापा, रजिस्टरं ठेवा, विवरणपत्रं भरा. शेठ म्हणत, "एकोणीसपर्यंत मी मालक. विसावं आलं की सरकार मालक." म्हणून हजेरीपटावर अठरा बायका आणि एकोणिसावा मी कारकून. विसावी सगळ्यांच्या आधी यायची, सगळ्यांपेक्षा जास्त बी फोडायची आणि कागदावर कुठेच नसायची. तो कागद मी लिहायचो.

माणसं मोजायला येणाऱ्या साहेबांची जीप फाटकात दिसली की ती पाट सोडून उठे. चिकाने काळे पडलेले हात पदराखाली जात, आणि अंगणात पोचेपर्यंत बाई बदललेली असे. कोण होणार हे आम्हालाही ठाऊक नसे. अठरा बायका माना खाली घालून हसू दाबत.

"आधी ठरवतेस तरी का गं?" मी एकदा विचारलं.

"माझो बापूस दशावतारी. नाटकात बोलूक त्येका खंय कागद लागता? माका पण लागणा नाय."

आम्ही फार हसलो.

एकदा मात्र मला लाज वाटली. नाव घालतो म्हणालो, शेठना काय म्हणायचं ते म्हणू देत. ती बी फोडता फोडताच बोलली, "नको रे भाऊ. शेट कुलूप घालीत. मगे ह्या अठरा बायांनी खंय जावचा?" मी वही मिटली. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

मग एका सकाळी बी वाफवायच्या टाकीचं झाकण उडालं. समोर विसावी होती.

जिल्ह्याच्या इस्पितळात तेच साहेब जबाब घ्यायला आले. मी खाटेशी उभा होतो. तिने नुसतं हो म्हटलं असतं तरी तिच्या मुलीला भरपाई मिळाली असती. हे मला माहीत होतं, तिलाही मीच सांगितलं होतं.

"तुम्ही कारखान्यात कामाला होता?"

तिने पट्ट्या बांधलेले हात हळूहळू चादरीखाली घेतले. तेव्हाच मला कळलं.

"मी खंयची कामाक, सायब? टरफलां न्हेवक गेल्लंय. न्हाणीच्या चुलीक."

साहेबांनी लिहिता लिहिता मला विचारलं, "बरोबर?"

"बरोबर," मी म्हणालो.

ते गेल्यावर तिने मला जवळ बोलावलं. "सोंग बरा झाला मां?"

चौथ्या दिवशी ती गेली. त्या दिवशी कारखान्यात कोणीच आलं नाही, मीसुद्धा. दुसऱ्या सकाळी हजेरीपटावर एकोणीस गैरहजेऱ्या मांडल्या आणि कारणाच्या रकान्यात एकोणीस वेळा लिहिलं: विसावीचे मर्तिक. कारखान्यात तिला दुसरं नावच नव्हतं. हात आपसूक लिहीत गेला.

पुढच्या तपासणीला साहेबांचं बोट त्या रकान्यावरून खाली उतरलं आणि थांबलं. मग ते वर जाऊन नावं मोजत पुन्हा खाली आलं.

"इथे तर एकोणीसच आहेत. ही विसावी कोण?"

शेठ खोकले. आत बी फोडायचा आवाज बंद पडला. सवयीने माझी नजर अंगणाकडे गेली. कोणीही येत नव्हतं.

"सुलोचना परब," मी म्हणालो. "अकरा वर्षं बी फोडत होती. टरफलं न्यायला आली नव्हती."

साहेबांनी पहिल्यांदाच कागदावरून मान वर केली.