सख्ख्या बहिणीचा शब्द

ती कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे ठसे यायचे. त्यावरून ती प्लास्टरचे साचे काढायची, मेणाच्या हिरड्या करायची आणि त्यांत एकेक दात असा बसवायची, की लावणाऱ्याला चावताना तर सोडाच, हसतानाही भीती वाटू नये. कामावर सगळे तिला ताई म्हणत, शेजारपाजारचेही ताईच म्हणत. पण सख्खा म्हणावा असा भाऊ एकच, धाकटा. आई लवकर गेली, वडील त्याआधीच. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत पोहोचवण्यापर्यंत सगळं हिनेच केलं. लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याला तिने आधीच बजावलं होतं, "हा माझ्याबरोबर येणार." नवरा पाण्याचे मीटर वाचणारा, शांत माणूस. तो म्हणाला, "येऊ दे की. घरात मी एकटाच किती बोलणी खाणार?"

भाऊ विशीत वाया जातो की काय असं झालं होतं. पत्ते, टवाळ मित्र, खोटं बोलणं. एकदा तर तिची सायकल परस्पर विकून आला आणि चोरीला गेली म्हणून तिच्याबरोबर ती गल्लोगल्ली शोधतही हिंडला! पुढे सोफे-खुर्च्या नव्याने मढवून देणाऱ्या एका दुकानात लागला, हात बसला, मालकाच्या मुलीशी लग्न झालं आणि गाडी रुळावर आली. सायकलीचा विषय दोघांनीही पुन्हा काढला नव्हता.

आणि मग एक दिवस कामावर फोन आला. तिचे हात मेणाने माखलेले, फोन खांद्याने कानाशी धरलेला.

"मॅडम, तुमचं जुनं कर्ज थकलंय. कधी भरताय?"

"रॉंग नंबर," ती म्हणाली.

पण पलीकडच्याने तिचं नाव सांगितलं. आडनावही बरोबर. ती चिडली. उधारीचं मीठसुद्धा घरात आणायचं नाही, हा तिचा बाणा. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग कर्ज देणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. आकडा पाहून तिच्या तोंडचं पाणी पळालं. खाली कर्जदाराचा जुना पत्ता होता. ती सगळी पूर्वी राहायची, त्याच इमारतीचा पत्ता. खोलीचा क्रमांक नव्हता, पण साल बरोबर तेच, भाऊ सुटलेल्या बैलासारखा हिंडत होता त्या काळातलं.

नवऱ्याने पत्र दोनदा वाचलं. "त्यांना लिही, की हे कर्ज मला माहीत नाही. अर्जाची नक्कल पाठवा, सही दाखवा, तोवर एक पैसाही देणार नाही. नुसतं कोणी म्हणालं म्हणून काय आपण देणं लागतो?"

तिने तसं लिहून रजिस्टर पोस्टाने पाठवलं. मूळ पत्र मात्र पर्समध्येच ठेवलं. नक्कल यायची तेव्हा येईल, तिच्या मनात निकाल लागून गेला होता. माझी सही कोणाला जमायची? शाळेच्या प्रगतिपुस्तकावर माझी सही कोण ठोकायचा?

शनिवारी ती भावाच्या दुकानात गेली. तो एका खुर्चीवर वाकून कापड ताणत होता. ओठांत बारीक खिळे धरलेले, हातात हातोडी. सासरे गल्ल्यावर बसले होते, एक गिऱ्हाईक कापडाचे नमुने बघत होतं. बाहेर बोलावून विचारता आलं असतं. पण रागाला दम कुठला?

"हे काय आहे?" तिने पत्र खुर्चीवरच टाकलं. "माझ्या नावावर कर्ज काढलंस? मी तुला पोटच्या पोरासारखा वाढवला, त्याचे हे पांग फेडलेस?"

त्याने हातोडी ठेवली. एकेक करून तोंडातले खिळे काढले. तेवढा वेळ तो गप्प राहिला, आणि त्या गप्प राहण्यातच तिला कबुली दिसली.

"ताई, मी असं काही केल्याचं मला..."

"आठवत नाही ना? तुला कधी काय आठवलंय? सायकल तरी आठवते का?"

गिऱ्हाईक नमुने ठेवून हळूच निघून गेलं. सासऱ्यांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. भाऊ लालबुंद झाला. त्याने पत्राची घडी करून खिशात घातली.

"ठीक आहे," तो म्हणाला. "मी बघतो. तू काळजी करू नकोस."

त्यानंतर फोन थांबले. तिने नवऱ्याला सुनावलं, "बघा. चोराच्या मनात चांदणं!"

"नक्कल आली का?" नवऱ्याने विचारलं.

"आता कशाला हवी?"

पण नक्कल आली. पाकीट जाडजूड होतं. अर्जावर नाव तिचंच, सही मात्र भलतीच, गोल गोल अक्षरांची. आणि फोटो! कपाळ रुंद, डोळ्यांवर जाड चष्मा. तिने ओळखलं. जुन्या इमारतीतली वरच्या मजल्यावरची बाई. दोघींचं नाव-आडनाव एकच असल्यामुळे पोस्टमन नेहमी घोळ घालायचा, दोघी जिन्यात भेटून एकमेकींची पत्रं बदलून घ्यायच्या. तेव्हा केवढ्या हसायच्या!

सोबत माफीचं पत्र होतं. चुकीच्या व्यक्तीशी संपर्क झाला, दिलगीर आहोत. आणि खाली एक ओळ: आपल्या भावाने आपल्या वतीने भरलेले दोन हप्ते अर्ज केल्यास परत मिळतील.

तिने ती ओळ नवऱ्यापुढे धरली. त्याने ती दोनदा वाचली. मग म्हणाला, "चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि संन्यासी तरी कुठला निवडावा, घरचाच?" तो तिला हसवायला बघत होता. तिला रडू आलं.

भावाच्या घरी दार भावजयीने उघडलं. या म्हणाली, बसा म्हणाली नाही. भाऊ जेवत होता. ताईने कागद त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"तू कर्ज काढलंच नव्हतंस."

"नाही."

"मग भरलंस कशाला रे?"

त्याने पाण्याचा घोट घेतला. "तू म्हणालीस म्हणून. आधी वाटलं, भांडावं. मग म्हटलं, सायकलीचे पैसे कधी दिलेच नव्हते. त्यात वळते होतील. त्यांना फोन करून सांगितलं, ताईला त्रास देऊ नका, मी भरतो."

"निदान मला ओरडायचंस तरी!"

"तू ऐकलं असतंस?"

उत्तर भावजयीने दिलं. "वन्सं, पैशांचं सोडा. त्या दिवसापासून बाबांनी गल्ल्याची किल्ली यांच्याकडून काढून घेतलीय. रोज संध्याकाळी बाबा हिशेब तपासतात आणि हे बाजूला उभे राहतात. शाळेतल्या पोरासारखे."

"अगं, जाऊ दे," भाऊ पुटपुटला.

त्या रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी कामावर रजा टाकून ती दुकानात गेली. या वेळी गिऱ्हाइकं तीन होती. तिने मुद्दाम त्यांच्यादेखतच सुरुवात केली. "मामा, मी इथे येऊन माझ्या भावावर आळ घेतला तो खोटा होता. हे कागद. चूक माझी."

सासऱ्यांनी कागद नीट वाचले. "बाई, तिऱ्हाईत कोणी बोललं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं. सख्खी बहीण बोलतेय म्हटल्यावर मी दुसरं काय समजायचं?"



त्यांनी किल्ली काढून टेबलावर ठेवली. भाऊ कापड कापत होता. मान वर न करता म्हणाला, "राहू दे तुमच्याकडेच, बाबा. मला हिशेबाचा कंटाळाच आहे." किल्ली तशीच पडून राहिली. शेवटी नवऱ्याचा डबा घेऊन आलेल्या भावजयीने ती उचलून आपल्या पर्समध्ये टाकली. दुकानाच्या दृष्टीने ते बरंच झालं, पण ताईच्या मनाला त्याने काही बरं वाटलं नाही.

हप्ते परत मिळवायला तिने कंपनीच्या पायऱ्या झिजवल्या. पैसे आले तेव्हा भावाला जेवायला बोलावलं. तो आला, नवऱ्याशी गप्पा मारल्या, पोटभर जेवला. पाकीट नको नको म्हणत घेतलं. दुकानात सायकलीचा विषय काढल्याबद्दल तिने माफी मागितली, तर तो म्हणाला, "वेडी आहेस का? झालं गेलं." मनापासून म्हणाला, यात शंका नाही.

ती ताटं उचलत होती. पूर्वी तो या घरात कुठल्याही डब्यात हात घालायचा, तिच्या पुढ्यातला घास पळवायचा. आज तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबला.

"ताई," त्याने विचारलं, "थोडं पाणी घेऊ का?"

"घे ना," ती म्हणाली, आणि नळ सोडून भांडी घासायला लागली.